दर सेकंदाला एक विद्यार्थी : लातूरच्या एका शिकवणी वर्गाच्या सर्व्हरचे प्रकरण

वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या लातूरमधील एका खासगी शिकवणी वर्गाने आपली ध्वनिमुद्रित व्याख्याने, सराव प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची स्वतःच्या संकेतस्थळावरून देण्याची व्यवस्था केली होती. विद्यार्थ्यांपैकी काही शहरातील वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहत होते, तर बरेचसे उदगीर, अहमदपूर, निलंगा, कंधार, मुखेड, अंबाजोगाई आणि कळंब या भागांतील गावांतून मोबाईलवर अभ्यास करत होते. दर रविवारी चाचणी होई आणि रात्री नऊ वाजता तिची उत्तरसूची व प्रश्न सोडवून दाखवणारे व्हिडिओ उपलब्ध होत. नेमके त्याच वेळी संकेतस्थळ उघडेनासे होई, लॉगिनचे पान येत नसे आणि ज्यांचे डाउनलोड सुरू झालेले असे त्यांचे अर्ध्यात तुटत असे. मध्यरात्रीच्या सुमारास सगळे आपोआप सुरळीत होई.

सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला होता. त्यात प्रोसेसरचे आठ कोअर, ३२ जीबी रॅम, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या ४ टीबीच्या दोन फिरत्या हार्ड डिस्क आणि सेकंदाला १ गिगाबिटची जोडणी होती. त्यावर पाने व फाईल पाठवणारा अपाची हा वेब सर्व्हर 'प्रीफोर्क' पद्धतीने चालत होता आणि संकेतस्थळाच्या स्क्रिप्ट चालवणारे पीएचपी त्याच्याच पोटात बसवलेले होते. विद्यार्थ्याने व्हिडिओ मागितला की पीएचपीची एक स्क्रिप्ट त्याचे लॉगिन आणि शुल्काची नोंद तपासत असे, आणि नंतर तीच स्क्रिप्ट फाईल वाचून त्याला पाठवत बसे. संस्थेचे तंत्रज्ञ लोड ॲव्हरेजचा, म्हणजे यंत्रावर सरासरी किती कामे चालू किंवा खोळंबलेली आहेत याचा, वाढता आकडा पाहत होते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न असा होता : "सर, सर्व्हर लटकतोय, मशीन मोठं घ्यायचं का?" सोळा कोअरच्या यंत्राचे दरपत्रकही आलेले होते.

दरपत्रक बाजूला ठेवण्याचे कारण त्याच वेळच्या नोंदींत सापडले. लोड ॲव्हरेज वाढलेले असले तरी प्रोसेसर बहुतांश रिकामा होता आणि जोडणीची पाऊण क्षमता वापराविना पडून होती. सर्व्हरवरील लिनक्स या कार्यप्रणालीत लोड ॲव्हरेजच्या आकड्यात केवळ प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) मोजल्या जात नाहीत; डिस्कची वाट पाहत अडकून पडलेल्या प्रोसेसही त्यात धरल्या जातात, आणि चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'टॉप' या आज्ञेच्या यादीत त्यांच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसते. तशा प्रोसेस येथे मोठ्या संख्येने होत्या. म्हणजे यंत्र दमलेले नव्हते, ते वाट पाहत होते. अशा यंत्राला आणखी कोअर दिले असते तर वाट पाहणारे कोअर तेवढे वाढले असते.

येथे एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व निर्णय त्यावर उभे आहेत. एका वेळी किती डाउनलोड सुरू असतील हे दर सेकंदाला किती नवे विद्यार्थी येतात आणि प्रत्येकाचे डाउनलोड किती सेकंद चालते, या दोन संख्यांच्या गुणाकारावर ठरते. रांगशास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात. गर्दीच्या वेळी सरासरी दर सेकंदाला एक विद्यार्थी व्हिडिओ मागत होता. व्हिडिओ साधारण ३०० एमबीचा, म्हणजे २,४०० मेगाबिटचा होता, आणि गावाकडच्या मोबाईलला मिळणारा वेग सेकंदाला १ मेगाबिट धरला तर तो उतरायला २,४०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटे लागत. दर सेकंदाला एक ही मागणी कोणत्याही सर्व्हरसाठी किरकोळ आहे. परंतु प्रत्येक जण चाळीस मिनिटे थांबणार असेल, तर तिचे रूपांतर २,४०० एकाच वेळी चालणाऱ्या डाउनलोडमध्ये होते. गर्दी विद्यार्थ्यांच्या संख्येमुळे कमी आणि त्यांच्या थांबण्यामुळे अधिक होत होती. म्हणून तपासण्याचा प्रश्न असा ठरला की, थांबलेला प्रत्येक विद्यार्थी त्या चाळीस मिनिटांत सर्व्हरची कोणती वस्तू अडवून ठेवतो.

पहिली अडवलेली वस्तू म्हणजे अख्खी प्रोसेस. प्रीफोर्क पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी अपाचीची एक स्वतंत्र प्रोसेस शेवटपर्यंत बांधलेली राहते आणि अशा प्रोसेसची मूळ मर्यादा २५६ आहे. दर सेकंदाला एक विद्यार्थी आला तर या २५६ जागा चार मिनिटे सोळा सेकंदांत भरतात. प्रत्येकी १ मेगाबिट धरून जोडणीचा वापर फार तर २५६ मेगाबिट होतो, आणि पुढचा विद्यार्थी, त्याला केवळ लॉगिनचे पान हवे असले तरी, बाहेरच्या रांगेत उभा राहतो. जोडणी रिकामी आणि संकेतस्थळ बंद, हे चमत्कारिक वाटणारे दृश्य यामुळेच दिसत होते.

यावर संस्थेने आधीच एक उपाय करून पाहिला होता : प्रोसेसची मर्यादा ८०० केली होती. त्याने परिस्थिती बिघडली, आणि ती का बिघडली हे समजून घेण्यासारखे आहे. पीएचपीसह प्रत्येक प्रोसेस साधारण ३० एमबी स्मृती स्वतःकडे ठेवत होती. ८०० प्रोसेस म्हणजे २४ जीबी. उरलेल्या ८ जीबीतून डेटाबेस वजा केला की जेमतेम तीन-चार जीबी राहत. लिनक्स मोकळ्या रॅमचा उपयोग नुकत्याच वाचलेल्या फाईल जवळ ठेवण्यासाठी करतो, आणि रविवारचे सगळे नवे व्हिडिओ मिळून याच आकाराचे होते. काही विद्यार्थी जुनी व्याख्याने उतरवू लागले की नवे व्हिडिओ रॅममधून बाहेर ढकलले जात आणि प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा डिस्ककडे जावे लागे. जागा वाढवताना डिस्कवरचा भार वाढवला गेला होता.

हजारो जोडण्या एका यंत्रावर सांभाळण्याचा प्रश्न नवा नाही. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये दहा हजार जोडण्यांचा प्रश्न म्हणून त्याची मांडणी केली आणि इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये खुला केलेला एन्जिनएक्स हा सर्व्हर त्याच प्रश्नाला दिलेले एक उत्तर होते. अपाचीची पद्धत म्हणजे पंगतीत प्रत्येक पानामागे एक वाढपी उभा करून जेवणारा उठेपर्यंत त्याला तिथेच थांबवणे. एन्जिनएक्सची पद्धत म्हणजे मोजक्या वाढप्यांनी पंगतभर फिरत राहून ज्याचे पान रिकामे दिसेल त्याला वाढणे. अपाचीच्या २.४ आवृत्तीपासून 'इव्हेंट' ही जवळपास अशीच पद्धत उपलब्ध आहे आणि ती वापरूनही हे प्रकरण सोडवता आले असते. एन्जिनएक्स निवडण्याचे कारण त्यातील एक सोय होती : पीएचपीने परवानगी तपासून फक्त फाईलचा आतला पत्ता 'एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट' या उत्तराच्या शीर्षकातून (हेडरमधून) परत करायचा, आणि फाईल प्रत्यक्ष पाठवण्याचे काम एन्जिनएक्सने उचलायचे.

या एका बदलाने पीएचपी चाळीस मिनिटांच्या कामातून सुटून काही मिलिसेकंदांच्या कामावर आले. पीएचपी वेगळे चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या चोवीस प्रोसेस संपूर्ण संकेतस्थळाला पुरू लागल्या आणि सुमारे २३ जीबी रॅम मोकळी झाली. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहेत तो 'इंटर्नल' म्हणून घोषित केल्यामुळे कोणाला थेट पत्ता टाकून फाईल घेता येत नाही, त्यामुळे शुल्क भरलेल्यांनाच व्हिडिओ मिळण्याची अटही जशीच्या तशी राहिली.

त्याच बदलाचा दुसरा लाभ मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. जुनी स्क्रिप्ट फाईलचा मधलाच भाग देऊ शकत नव्हती. त्यामुळे २५० एमबी उतरल्यावर रेंज गेली तर विद्यार्थ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागे. त्याचा डेटा पॅक वाया जाई, आणि सर्व्हरला ३०० एमबीच्या फाईलसाठी ५५० एमबी पाठवावे लागत. एन्जिनएक्स फाईलच्या हव्या त्या भागाची मागणी समजून घेतो आणि २०६ ('फाईलचा अंश') या उत्तर-क्रमांकासह तेवढाच भाग देतो, त्यामुळे डाउनलोड तुटले तेथूनच पुढे चालते. गावातल्या टॉवरवर अवलंबून असलेल्या मुलामुलींना सेवा देणाऱ्या कोणत्याही संस्थेने ही गोष्ट सर्वांत आधी तपासावी, असे माझे ठाम मत आहे. इतर मांडणीत कितीही सुधारणा केली, तरी तुटलेले डाउनलोड शून्यापासून सुरू होत असेल तर सर्व्हर आपलेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो.

मर्यादांचे आकडे बदलणे हे यानंतरचे सोपे काम होते. एन्जिनएक्सचे आठ वर्कर, म्हणजे जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोसेस, ठेवले; प्रत्येक कोअरला एक. प्रत्येक वर्करची जोडण्यांची मूळ मर्यादा ५१२ असते, ती ४,०९६ केली. मात्र प्रत्येक डाउनलोड दोन फाईल-क्रमांक वापरते, एक जोडणीचा आणि एक डिस्कवरील फाईलचा. आणि एका प्रोसेसला मिळणाऱ्या क्रमांकांची सर्वसाधारण मर्यादा १,०२४ असते. ती न वाढवता फक्त जोडण्यांची मर्यादा वाढवली, तर पाचशेच्या आसपास 'खूप फाईल उघड्या आहेत' अशी तक्रार लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दिसू लागते. म्हणून ती मर्यादाही वर्करमागे १६,३८४ केली. रात्री नऊला सगळ्यांच्या फोनवर सूचना एकदम जात असल्याने नव्या जोडण्यांची स्वीकाराची रांगही ओसंडत होती. लिनक्स ५.४ पूर्वीच्या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तिची मर्यादा अवघी १२८ होती आणि हे यंत्र त्या जुन्या कर्नेलवर चालत होते. कर्नेल अद्ययावत केल्यावर ती ४,०९६ झाली; एन्जिनएक्सचा स्वतःचा ५११ हा आकडाही तितकाच केला.

या टप्प्यावर चाचणी घेतली. त्याच सर्व्हरवर बसून त्याच सर्व्हरला हजारो मागण्या पाठवणारी नेहमीची चाचणी येथे निरुपयोगी ठरते, कारण तिच्यातील प्रत्येक ग्राहक क्षणात फाईल घेऊन निघून जातो, आणि आपला प्रश्न तर थांबणाऱ्या ग्राहकाचा आहे. म्हणून दुसऱ्या यंत्रांवरून 'कर्ल' या डाउनलोडच्या आज्ञेने वेग सेकंदाला १२५ केबी इतका, म्हणजे १ मेगाबिटवर, बांधून शेकडो डाउनलोड सुरू केले, आणि त्यांना मुद्दाम वेगवेगळ्या, जुन्या फाईल दिल्या. जोडण्या सर्व स्वीकारल्या गेल्या, पण प्रत्येकीचा वेग घसरत गेला आणि मधूनमधून लॉगिनचे पानही गोठू लागले. अडथळा प्रोसेसवरून डिस्कवर सरकला होता.

मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. हवा असलेला भाग सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी सुई त्या वर्तुळापर्यंत नेण्यासाठी आठ-नऊ मिलिसेकंद, असे एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशी वाचने. एकच फाईल सलग वाचली तर हीच डिस्क सेकंदाला १५० एमबी देऊ शकते. परंतु शेकडो विद्यार्थी शेकडो ठिकाणी वाचत असतील तर प्रत्येक तुकड्यासाठी सुई हलते. लिनक्स एका वेळी सामान्यतः १२८ केबी पुढचे वाचून ठेवतो. ऐंशी वाचने गुणिले १२८ केबी म्हणजे सेकंदाला १० एमबी, अर्थात ८० मेगाबिट. दोन डिस्क मिळून १६० मेगाबिट. गिगाबिट जोडणीमागे अशी डिस्क असेल तर त्या जोडणीचा सहावा भागच कामी येतो.

पुढचे वाचून ठेवण्याचा आकार १२८ केबीवरून १ एमबी केला, तर सुई हलवण्याचे तेरा मिलिसेकंद तेच राहतात आणि १ एमबी वाचण्याचे सुमारे सात मिलिसेकंद त्यात मिळतात. वीस मिलिसेकंदांत १ एमबी म्हणजे सेकंदाला ५० एमबी, पूर्वीच्या पाचपट. यासाठी एक आज्ञा पुरते आणि पैसा लागत नाही. हजार विद्यार्थ्यांमागे १ जीबी रॅम यात जाऊ शकते, जी आता उपलब्ध होती. एवढे झाल्यावर १ टीबीची, फिरते भाग नसलेली एक एसएसडी डिस्क जोडून चालू सत्राचे व्हिडिओ तिच्यावर हलवले आणि फिरत्या डिस्कवर फक्त जुना संग्रह ठेवला. या प्रकरणात यंत्रसामग्रीवर झालेला खर्च तेवढाच.

लॉगिनचे पान गोठण्याचे कारण वेगळे होते. एन्जिनएक्स ज्या 'ईपोल' यंत्रणेवर चालतो, ती जोडणी तयार आहे की नाही हे सांगते. डिस्कवरील फाईलबाबत मात्र असे काही सांगू शकत नाही. वर्करने फाईल वाचायला घेतली आणि ती रॅममध्ये नसली, तर डिस्क उत्तर देईपर्यंत तो वर्कर जागीच थांबतो आणि त्याच्या ताब्यातील शेकडो जोडण्या त्याच्याबरोबर थांबतात. वाढपी स्वतःच भात आणायला आत गेला की सगळी पंगत खोळंबते, तसे. आठही वर्कर एकाच वेळी डिस्कवर अडकले की पूर्ण संकेतस्थळ मृतवत दिसते. एन्जिनएक्सच्या १.७.११ या आवृत्तीपासून वाचनाचे काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे वर्करच्या हाताखाली समांतर चालणाऱ्या मदतनिसाकडे, सोपवता येते, आणि ती सोय सुरू केल्यावर डिस्क कितीही दाटली तरी लॉगिनचे पान तत्काळ येऊ लागले.

अनेक मार्गदर्शक लेखांत 'सेंडफाइल सुरू करा' हा पहिला सल्ला असतो. सेंडफाइलमुळे फाईल कर्नेलच्या आतूनच थेट जोडणीवर जाते आणि मधली नक्कल वाचते, हे खरे आहे. परंतु हे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, आहे. मजकूर कूटबद्ध करण्यासाठी तो आधी एन्जिनएक्सच्या हाती यावा लागतो, म्हणून सामान्य मांडणीत तेथे सेंडफाइलचा उपयोगच होत नाही. कूटबद्ध करण्याचे काम कर्नेलकडे देण्याची सोय लिनक्स ४.१३ पासून आहे आणि ओपनएसएसएल (कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर) ३.० व एन्जिनएक्स १.२१.४ पासून ती वापरता येते. आठ कोअरचा आधुनिक प्रोसेसर १ गिगाबिट सहज कूटबद्ध करतो, हे दिसत असल्यामुळे ती गुंतागुंत येथे आणली नाही. तसेच जोडणीमागचे बफर (माहिती तात्पुरती ठेवण्याची रॅममधील जागा) १६ एमबीपर्यंत वाढवण्याचा सल्लाही नाकारला. १ मेगाबिट वेग आणि जाण्यायेण्याचा १०० मिलिसेकंद वेळ धरला, तर वाटेत एका क्षणी मावणारी माहिती फक्त १२.५ केबी असते. तिच्यासाठी १६ एमबींचा बफर राखणे निरर्थक आहे.

गर्दी आवरण्यासाठी एका आयपी पत्त्यामागे ठरावीक जोडण्यांची मर्यादा घालण्याची सूचना संस्थेकडून आली. लातूरमधील एका वसतिगृहातील सर्व मुली एकाच ब्रॉडबँडवर असतात आणि बाहेरून त्यांचा पत्ता एकच दिसतो. मोबाईल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवतात. अशी मर्यादा घातली असती तर सर्वाधिक गरजू विद्यार्थीच अडले असते. त्याऐवजी पीएचपी परवानगी देताना विद्यार्थी क्रमांक एन्जिनएक्सला कळवते आणि त्या क्रमांकामागे दोन जोडण्यांची मर्यादा लागते. त्यामुळे एकाच फाईलसाठी आठ-आठ जोडण्या उघडणारी डाउनलोड ॲप आवरली जातात. वेगावर मर्यादा मात्र मुद्दाम घातली नाही, कारण वेग कमी केला की थांबण्याचा काळ वाढतो. उलट गुगलने २०१६ मध्ये मांडलेली आणि लिनक्स ४.९ पासून उपलब्ध असलेली, पाठवण्याचा वेग ठरवणारी 'बीबीआर' पद्धत स्वीकारली. माहितीची पाकिटे गहाळ होणाऱ्या जोडण्यांवर ती नेहमीच्या 'क्युबिक' पद्धतीइतका वेग लगेच कमी करत नाही, आणि तिच्यासाठी विद्यार्थ्याच्या फोनवर काहीही बदलावे लागत नाही.

पुढच्या रविवारी जोडणी प्रथमच पूर्ण भरली; गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात मिळू शकणाऱ्या साधारण ९४० मेगाबिटच्या काठावर वापर स्थिर झाला. हे अपेक्षितच होते, कारण दर सेकंदाला २,४०० मेगाबिटची एक फाईल मागितली जात असेल, तर १ गिगाबिटमधून ती कोणत्याही मांडणीने देता येणार नाही. येथे सर्व्हरचे काम संपले आणि फाईलचे सुरू झाले. व्हिडिओत काळा फळा, खडूचा हात आणि शिक्षकांचा आवाज एवढेच होते, तरीही तो चित्रपटासारख्या बिटरेटने साठवलेला होता. फळ्यावरची अक्षरे स्पष्ट दिसतील याची शिक्षकांकडून खात्री करून घेत तो ४८० रेषांच्या आकारात पुन्हा बनवला, तेव्हा ३०० एमबीचा ११० एमबी झाला. ११० एमबी म्हणजे ८८० मेगाबिट : एका मोबाईलला चाळीसऐवजी पंधरा मिनिटांहून कमी वेळ, एका वेळी २,४०० ऐवजी ८८० डाउनलोड, आणि जोडणीवर ८८० मेगाबिटचा भार. ज्याला मोठ्या पडद्यावर पाहायचे आहे त्याच्यासाठी मूळ प्रतही ठेवली आहे, पण ती रात्री बारानंतर खुली होते. उत्तरसूचीची ५ एमबीची पीडीएफ व्हिडिओच्या अर्धा तास आधी देण्याचे ठरले. चाचणीनंतर बहुतेकांना प्रथम आपले गुण मोजायचे असतात, आणि तेवढ्यासाठी चाळीस सेकंद पुरतात.

रविवारी रात्री नऊ ते साडेदहा या वेळात संकेतस्थळ आता उघडते आणि लॉगिन अडत नाही. ८८० आणि ९४० यांतील अंतर थोडे आहे. प्रवेशपरीक्षेच्या आधीच्या महिन्यांत मागणी सेकंदाला एकाच्या थोडी जरी वर गेली, तरी जोडणी पुन्हा भरेल, आणि तेव्हा दोन गिगाबिट किंवा दुसरे यंत्र यांपैकी एक घ्यावेच लागेल. संस्थेच्या तंत्रज्ञांनी त्यासाठी पाहायचे आकडे तीन ठरवले आहेत : दर सेकंदाला सुरू होणारी डाउनलोड, एका डाउनलोडचा सरासरी कालावधी, आणि जोडणीचा वापर. पहिले दोन एन्जिनएक्सच्या लॉगमधून दर रविवारी काढले जातात, कारण मागणी आल्याची वेळ आणि तिला लागलेले सेकंद त्या लॉगच्या प्रत्येक ओळीत लिहिण्याची व्यवस्था केलेली आहे. सोळा कोअरचे यंत्र अजून घेतलेले नाही.